पहिला घास

१४ जुलै, सोमवार

आज दूध करपलं. मंद आचेवर ठेवलं होतं ते खाली लागलं, पातेल्याचं बूड काळं पडलं, आणि मी गॅसच्या शेजारी स्टुलावर बसून गवार मोडत होते. हे हातातला पेपर टाकून धावत आले. "अगं, घरभर वास सुटला! काय करून राहिलीस?"

मी म्हटलं, डोळा लागला. गवार मोडता मोडता झोपणारी बाई नांदुऱ्यात मीच पहिली असेन. ह्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि पातेलं मोरीत नेऊन पाण्यानं भरून ठेवलं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस हा, चूक दिसली की बोलल्याशिवाय राहत नाही. आज गप्प राहिले म्हणून मला जास्तच धडकी भरली.

खरं कारण इथे लिहिते, कारण बोलून दाखवायची सोय नाही. मला वास येत नाही. जूनमध्ये तापाची साथ आली, घरात सगळ्यांनाच आला, सगळे बरे झाले. मीही झाले, फक्त नाक परत आलं नाही. आधी वाटलं, सर्दी आहे. मग एक दिवस देवापुढे उदबत्ती लावली आणि म्हटलं, ही कसली भिकार उदबत्ती, वासच नाही. दुसरी लावली. मग दुसऱ्या पुड्यातली लावली. तेव्हा लक्षात आलं.

ही डायरी आल्हादनं, माझ्या मुलानं, जानेवारीत त्याच्या बँकेतून आणून दिली होती. कोरीच पडली होती.

१७ जुलै, गुरुवार

खामगावला डॉक्टरकडे जाऊन आले. घरी सांगितलं, कान दुखतो. हे सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. डॉक्टर पोरगेलासाच आहे. म्हणाला, "तापानंतर होतं असं, काकू. महिन्यात येईल, वर्षानं येईल, कुणाकुणाला येतही नाही." किती सहज म्हणाला! जशी काही आल्हादच्या गाडीची वेळ सांगतोय.

औषध काही नाही. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल, या वस्तू सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि डोळे मिटून त्यांचा वास आठवायचा. मी देवघरात बसून करते. पाहणाऱ्याला वाटावं, बाई जपाला बसली.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर मीही म्हटलं असतं, त्यात काय एवढं! पण आमच्या गल्लीत माझं नाक म्हणजे कोर्ट आहे. दही, पीठ, तूप, लोणचं, ज्याची शंका येईल ते बाया वाटीत घेऊन माझ्या दारात येतात. मी वाटी नाकापाशी नेते, मान हलवते, झाला निकाल. अपील नाही. आणि घरात तर मी डब्यावरची तारीख कधी पाहिलीच नाही. सून मात्र आली तेव्हापासून तारखा पाहते. स्वरदा अकोल्याची, शिकलेली, फ्रिज उघडला की आधी वाचते, मग खाते. मागच्या दिवाळीत तिनं तारीख उलटलेला रवा कचऱ्यात टाकला होता. मी तो बाहेर काढला, हुंगला, चाळला, भाजला आणि शिरा करून सगळ्यांना वाढला. वर म्हटलं, "पोट काय कॅलेंडर पाहून दुखतं?" आल्हाद हसला. स्वरदानंही खाल्ला. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

तिला आता सहावा लागला आहे. लग्नाला सात वर्षं झाल्यावर हा दिवस आला. तिच्या पोटात जे जाणार ते माझ्या हातून जाणार, आणि माझ्या हाताला आता काही कळत नाही. सांगून टाकावं असं रोज वाटतं. पण सांगितलं की दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर गेलं. "आई, तुम्ही बसा, मी पाहते." मग मी या घरात कोण? टीव्हीसमोर बसून लसूण सोलणारी म्हातारी.

नाही सांगणार. सांभाळून राहीन.

२१ जुलै, सोमवार

मागच्या गल्लीतली तानुबाई तुपाची बरणी घेऊन आली. "मास्तरीणबाई, जरा पाहून द्या न. मायच्या इथून आलं, धामणगावाहून. पोरीच्या सासरी न्याचं हाय, म्हटलं तुमाले दाखवल्याबिगर नेत नाई."

बरणी नाकाशी धरली. नुसतं पाणी हुंगल्यासारखं वाटलं. चांगलं म्हणावं आणि खवट निघालं तर तिच्या पोरीची सासरी शोभा. म्हणून मी मान हलवली आणि म्हटलं, "जुनं वाटतं गं. घरात फोडणीला वापर."

तानुबाईचा चेहराच उतरला. "जुनं? कालच्या दिवशी त कढवलं मायनं! मी बाजूले बसून होती."

आता काय करावं? झाकली मूठ झाकलेलीच बरी. म्हटलं, "मग बरणी नीट वाळलेली नसेल." तानुबाई बरणी पदराखाली घेऊन गेली. म्हातारीनं सत्तरीत हातानं घुसळून केलेलं तूप, आणि मी त्याला जुनं म्हटलं. दुपारी जेवण गेलं नाही.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

आता मीच तारखा वाचते. लपूनछपून, ह्यांच्या टेबलावरचं भिंग घेऊन. इतकी बारीक अक्षरं कुणासाठी छापतात कोण जाणे! कुठे शिक्का पिशवीच्या शिवणीत गेलेला, कुठे पुसलेला. कुठे नुसतं 'पॅकिंगपासून चार महिने', मग बोटांवर मोजा. आज बेसनाचा पुडा निघाला, तारीख परवाच उलटलेली. उचलला आणि टाकला.

संध्याकाळी स्वरदाला तो कचऱ्यात दिसला. मला वाटलं, आता जिंकल्यासारखी हसेल. तर म्हणाली, "आई, हे नव्हतं हो टाकायचं. यावर 'बेस्ट बिफोर' आहे. त्या तारखेपर्यंत उत्तम, नंतर चव थोडी उतरते, एवढंच. एक्सपायरी लिहिलेलं असलं तर नाही खायचं. तुम्हीच तर वास घेऊन ठरवायचं म्हणता ना?"

मी म्हटलं, "पोरीच्या जिवाला जपायला नको?" त्यावर तिचे डोळे भरले. हल्ली तिचं असंच चाललंय, लहानसहान गोष्टीला रडू येतं. दिवसच तसे आहेत.

२ ऑगस्ट, शनिवार

घराला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधतात, आमच्या सुनेनं तारखा डकवल्यात. प्रत्येक डब्यावर, बरणीवर, दह्याच्या भांड्यावरसुद्धा कागदी चिकटपट्टी आणि वर ठळक मोठ्या अक्षरांत दिवस. लोणच्याच्या बरणीलाही सोडलं नाही! 'कैरी, मे'. मी काय विसरणार आहे कैरी मेमध्ये येते ते?

म्हटलं, "हे काय मांडलंय दुकान?" तर म्हणाली, "बाबांनी पट्टी आणली बाजारातून. म्हणाले, घरात असावी." म्हणजे सासरे आणि सून एका बाजूला! सासू ती विसरभोळी. शिवाय तिला एक नवीन खोड लागली आहे. स्वयंपाकघरात आली की मोठ्यानं बोलते. "आई, कोथिंबीर आजच संपवू या का, उद्या सडेल." "आई, ताक आंबलंय ना? कढीला बरं." सध्या तिचं नाक भलतंच तिखट झालंय. जिन्यावरून तिला शेजारची फोडणी कळते आणि मळमळतं. मला ऐकवून दाखवत असावी. पण खरं सांगते, तिच्या बडबडीचा उपयोग होतो. ती गेली की मी गुपचूप तिचं ऐकते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

ह्यांना म्हातारपणी जिभेचे चोचले सुचू लागलेत. आजवर तीन हाका मारल्याशिवाय पाटावर न येणारा माणूस, हल्ली ताटं मांडायच्या आधी हजर. कुणी बसायच्या आत भाजीत बोट, आमटीत चमचा. लहान पोरासारखं! आणि खाऊन झालं की म्हणतात, "चांगलं आहे."

लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्या स्वयंपाकाला चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. मीठ कमी असलं तर तेवढं सांगायचे. आता रोज, प्रत्येक पदार्थाला, "चांगलं आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले. आता राग येतो. सून ताटकळत उभी आणि सासरा पहिला घास घेतोय, शोभतं का हे? बोलले तसं. ते म्हणाले, "भूक लागते गं लवकर. वय झालं."

१३ ऑगस्ट, बुधवार

काल ह्यांनी अख्खं भांडं दही एकट्यानं संपवलं. पहिला चमचा घेतला, थांबले, मग म्हणाले, "फार छान लागलं. मला सगळंच दे." आल्हादला वाटीभरही ठेवलं नाही. आज सकाळपासून संडासच्या फेऱ्या. मी सुनावलं, "खा आणखी! दही खाऊन मेलात तर लोक मला नावं ठेवतील." ते हसले. पिवळे पडलेत. म्हणतात, स्टेशनकडे फिरायला गेलो तेव्हा कचोरी खाल्ली, त्यानं झालं असेल. घरी सगळं तयार असताना बाहेरचं कशाला खायचं? मी साळीच्या लाह्यांचं पाणी करून दिलं. त्याला वास असतो की नसतो, कुणास ठाऊक.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज मी ह्यांच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या खिडक्या उघडल्या.

झालं असं. गोकुळाष्टमीला श्रीखंडाचा डबा आणला होता, अर्धा उरला होता. रविवारपासून पाऊस थांबत नाही, काल तर दिवसभर लाईट नव्हती. आज जेवायला बसलो तेव्हा स्वरदाला त्या श्रीखंडाची आठवण झाली. पोरीनं आपणहून काही मागितलं याचाच मला आनंद. तरी मी निष्काळजी नाही. डबा खिडकीशी नेला, तारीख पाहिली. दोन सप्टेंबर! मी मोठ्यानं वाचून दाखवली. परत एकदा वाचली. म्हटलं, "बघ स्वरदा, तुझ्या तारखेप्रमाणेसुद्धा पास. दोन सप्टेंबरपर्यंत डोळे मिटून खा." मला इतकं हलकं वाटत होतं. कुणाला विचारायला नको, अंदाज नको, छापील पुरावा हातात.

वाटीत काढून तिच्यापुढे ठेवली. तिनं वाटी उचलली, नाकाशी नेली आणि ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी सरळ हात लांब करून तिच्या पुढ्यातली वाटी ओढून घेतली. एक चमचा खाल्ला. मग डबाही ओढला. "सगळं मला दे," म्हणाले, "आज मला श्रीखंडच खायचंय." आणि खाल्लं! डबा पुसून खाल्ला, मान खाली घालून, औषध घेतल्यासारखा.

मी काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. गर्भार सुनेच्या तोंडचा घास काढणारा म्हटलं. हावरा म्हटलं. स्वरदा मध्ये पडली, "आई, मला नकोच होतं, मळमळत होतं." मी म्हटलं, तू त्यांची बाजू घेऊ नकोस.

दुपारी ह्यांच्या खोलीतून ह्यांचा आणि स्वरदाचा दबका आवाज येत होता. स्वरदा रडत होती, "बाबा, हे बस झालं आता, मी सांगते," असं काहीतरी. ते तिला गप्प करत होते. श्रीखंडावरून सासरा-सुनेचं भांडण! कुणाला सांगावं तर हसतील.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ह्यांना दवाखान्यात ठेवलंय. काल पहाटेपासून उलट्या, जुलाब, अंग थंड. आल्हादनं रिक्षा आणली. सलाईन लावलं तेव्हा हात इतका सुकलेला की शीर सापडेना. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हटलं, "बाहेरची कचोरी. हे ऐकतच नाहीत." ह्यांनी डोळे न उघडता मान हलवली. "हो, कचोरीच."

स्वरदा माझ्याकडे बघत होती. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तिनं, तोच ह्यांनी तिला हाक मारली, पाणी दे म्हणून. माझा हात पेल्यावर होता, तरी तिलाच मागितलं.

मी देवाला म्हटलं, नाक नको मला. जन्मभर नको. हे तेवढे घरी येऊ देत.

२३ ऑगस्ट, शनिवार

घरी आले. पायऱ्या चढताना भिंतीला धरावं लागलं. मऊ भात केला. मी ताट ठेवायच्या आत पहिला घास घेतलाच. "चांगला आहे."

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. आता महालक्ष्म्या. आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात, सोळा भाज्या, आंबील, पुरणाच्या पोळ्या, आणि संध्याकाळच्या जेवणाला गल्लीतलं प्रत्येक घर. हा स्वयंपाक सोवळ्यात आणि एकटीनं करायचा असतो. नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चाखायचं नाही. मुद्दाम वास घ्यायचा नाही. देवीच्या आधी आपलं नाकसुद्धा पुढे करायचं नाही, अशी रीत.

मला कधी चाखायची गरज पडलीच नाही. मीठ बेताचं आहे, डाळ शिजली, गूळ खाली धरतोय, हे सगळं वासावर. वास काही मी घेत नव्हते, तो आपला येत होता, त्यात सोवळं मोडत नाही. आता तो येणार नाही आणि मी चाखणार नाही. गल्लीतली सगळी माणसं जेवणार, स्वरदा जेवणार. पदार्थावर तारीखही नसते की वाचून घ्यावं.

स्वरदा म्हणाली, "आई, यंदा स्वयंपाकाला बाई लावू या का? बाबांची तब्येत अशी." मी तिच्याकडे असं काही पाहिलं की परत बोलली नाही. ह्यांनीही विषय काढला. त्यांना म्हटलं, मी मेल्यावर लावा बाई.

२ सप्टेंबर, मंगळवार

काल लिहिणं झालं नाही. आज लिहिते, जसं झालं तसं.

पहाटे उठून न्हाले, सोवळं नेसले, डाळ लावली. सकाळी लवकर पुरण वाटून मोकळी झाले. एक काम हातावेगळं झालं की बाकीच्याकडे लक्ष देता येईल म्हणून. गरम पुरण मोठ्या गंजात भरलं आणि घट्ट झाकण लावलं, माशी नको, पाल नको. दिवसभर रिमझिम, हवा अशी दमट की मीठ पाझरत होतं. दर वर्षी मी पुरण ताटात पसरून गार करते. काल भीतीच इतकी होती, की ज्याची भीती होती तेच माझ्या हातून झालं.

संध्याकाळी आरतीच्या आधी मी झाकण काढलं. पुरण दिसायला छान, पिवळंधमक. कडेला जरासं पाणी सुटलेलं आणि एकदोन बुडबुडे. मी बघत राहिले. वाफेचं पाणी असेल. नसेल तर? बाहेर बाया जमत होत्या, मुखवट्यांपुढे समया लागल्या होत्या. तानुबाई दाराशी बसून विडे करत होती. एकदा वाटलं, स्वरदाला हाक मारावी. मारली नाही. म्हटलं, आई महालक्ष्मी, तूच सांभाळ. उंडा भरायला पुरणात हात घातला.

तेवढ्यात हे आले. पूजेचं सोवळं नेसलेले, भिंत धरत. हे म्हणजे सोवळ्याचे इतके कडक की एकदा माझा पदर उंबऱ्याबाहेर लागला म्हणून मला पुन्हा न्हायला लावलं होतं. ते गंजापाशी आले, वाकले, चिमूटभर पुरण उचललं आणि तोंडात टाकलं.

तानुबाईच्या हातातलं पान खाली पडलं. "मास्तर! निवद व्हाचा हाय न अजून! हे काय करून राह्यले तुमी?"

देवी उभी आहे आणि हे नैवेद्य उष्टा करतात! मी ओरडले, "वेड लागलं का तुम्हाला? इथेही पहिला घास तुमचाच का?"

ते चावत नव्हते. मोरीत जाऊन थुंकून आले, चूळ भरली. मग म्हणाले, "पुरण विटलंय. हे बाजूला ठेव, दुसरी डाळ लाव. जेवण उशिरा होईल, काही बिघडत नाही."

"पण चाखायचं कशाला? विटलंय तर..."

"तुला कळलं असतं तर मी चाखलं असतं का?"

हळूच म्हणाले. तानुबाईलाही ऐकू गेलं नसेल. मी तशीच उभी राहिले, हात पुरणानं भरलेला.

मग मला दूध आठवलं. दही आठवलं. मी विचारलं, "श्रीखंड?"

"आंबलेलं होतं."

"मग टाकलं काऊन नाही? खाल्लं कशाला? मरायची पाळी आली होती तुमची!"

"तू तारीख वाचून दाखवलीस न. दोनदा. किती खूश होतीस. त्यावर काय म्हणणार होतो मी, सगळ्यांसमोर?" मग म्हणाले, "दूध करपलं त्या दिवशी तू जागी होतीस. गवारीच्या शिरा काढत होतीस. मला वाटलं, तुझ्या तू सांगशील."

मी रडले. सोवळ्यात, ओट्यासमोर, उष्ट्या नैवेद्यापुढे, मोठ्यानं रडले. बाहेरची टाळांची जुळवाजुळव थांबली. स्वरदा आत आली, सोवळं-ओवळं काही न बघता तिनं मला धरलं. म्हणाली, "आई, मला सांगायचं होतं हो. बाबांनी शपथ घातली होती." तिनं गंजाकडे नुसतं तोंड वळवलं आणि नाकाला पदर लावला. तिला दारातूनच वास आला होता.

मी डोळे पुसून बाहेर गेले. बाया बसल्या होत्या. उद्या गल्लीत अर्धवट कळण्यापेक्षा मीच बोलले. "पुरण विटलं. दुसरं करते, वेळ लागेल. आणि दुसरं असं, की मला जूनपासून वास येत नाही. तानुबाई, तुझ्या आईचं तूप चांगलंच असणार. मला काही कळलं नव्हतं, मी उगाच बोलले. तिला सांग."

तानुबाई उठली. पदर कमरेला खोचला. "मंग बसून काऊन राह्यलो आपण? डाळ निवडाले घ्या वं बायाहो."

सोवळं तर मोडलंच होतं. चार बायांनी मिळून पुरण केलं. स्वरदा स्टुलावर बसून वास सांगत होती, "आता वेलची. आता गॅस बंद." देवीला ते कसं वाटलं, देवी जाणे. जेवायला उशीर झाला, कुणाचं पोट दुखल्याचं अजून तरी ऐकलं नाही.

आज विसर्जन झालं. दुपारी तो श्रीखंडाचा डबा दिसला, मीच घासून त्यात मेथीदाणे भरले होते. भिंग घेऊन परत वाचला. तारखेच्या खाली आणखी बारीक एक ओळ होती. उघडल्यावर थंड जागी ठेवून तीन दिवसांत संपवा. मी तारखेवरच थांबले होते. आजचीच तारीख आहे ती.

६ सप्टेंबर, शनिवार

तानुबाई ताकाचं भांडं घेऊन आली. सवयीनं माझ्यापुढे धरलं, मग जीभ चावली. मी स्वरदाला हाक मारली. तिनं भांडं थेट नाकाला लावलं. म्हटलं, "तसं नाही. लांब धर, हातानं वारा आपल्याकडे घे. आधी पहिल्या झुळकीवर काय वाटतं ते सांग, नंतर नाक फसवतं." ती शिकते आहे. मला आनंद झाला का? झाला. आणि छातीत काहीतरी तुटलंही. दोन्ही खरं आहे.

स्वयंपाक अजून मीच करते. वाढायच्या आधी स्वरदा भांड्यावरून वास घेते. आज ताटं मांडली आणि ह्यांचा हात सवयीनं आमटीकडे गेला. मी तो धरला. म्हटलं, "सगळे बसल्यावर." ते थांबले. हात फार हलका लागला मला.

संध्याकाळी देवघरात बसले तर हे शेजारी येऊन बसले. डबीतली लवंग काढून माझ्या नाकाशी धरली.

"आला?"

हो म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कुणालाही आलं असतं. म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाले. लवंग परत डबीत ठेवायची, तर त्यांनी ती तोंडात टाकली, जरा वेळ चघळली.

"चांगली आहे," म्हणाले.